पहिल्या दिवसाचा वेग

मोसमाआधीच्या टेस्टिंगमध्ये माझी आवडती कार रेसिंग टीम सगळ्यात वेगवान ठरली, तेव्हा मी काकांना ठासून सांगितलं, "यंदा हेच चॅम्पियन. लावा पैज!"

काका इथे झाशीतच रेल्वे ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. म्हणाले, "भैया, डबे न जोडता इंजिन कुणीही पळवेल. त्या गाडीच्या टाकीत पेट्रोल किती होतं? कमी असेल तर हलकी गाडी पळणारच."

"ते कुठलीच टीम सांगत नाही."

"मग कसली पैज लावतोस?"

तेवढ्यात काकू आतून कडाडल्या, "यांचं खरंय हो! मला बघायला आले तेव्हा यांनी चहाचा कप स्वतः विसळून ठेवला होता. तेवढ्यावर मी होकार दिला!"

काकांनी आपला चहाचा रिकामा कप हळूच विसळायला माझ्याकडे सरकवला.