तिरक्या चौकटी

घरमालकीण : ...अहो, खांदा लावा. हं, उघडलं बघा. हवेनं लाकूड फुगतं, म्हणून अडतं जरा.

सुतार : फुगलेलं दार असं एकाच कोपऱ्यात घासत नाही, मावशी. आणि याला रंधा मारलाय. एकदा नाही, चार-पाचदा तरी. वरची पट्टी बघा, इकडे चार बोटं, तिकडे दोनच उरलीय.

घरमालकीण : सुताराला घर दाखवायचं म्हणजे कठीणच! बाकीचे लोक आधी मोरी बघतात.

बायको : मोरी मी बघितली, लख्ख आहे. अहो, या ना इकडे, मागच्या खोलीत. केवढा उजेड! आणि ऐका.

सुतार : काय ऐकू?

बायको : आपली चिमणी. मघापासून अंगणात पळतेय. तीन दिवस झाले आपल्याला इथे येऊन, एकदा तरी खोकली? तिकडे जिना चढली तरी छातीत शिट्टी वाजायची तिच्या.

सुतार : ऐकतोय गं. तिच्यासाठीच तर आलोय. मावशी, इथला आधीचा सुतार कुठे गेला?

घरमालकीण : गेला कुठेतरी. तुम्हाला काय त्याचं? काम भरपूर मिळेल.

सुतार : मिळतंय की. सकाळी चहाला बसलो तर पाच जणांनी गाठलं. कुणाचं कपाट नाही, पलंग नाही. पाचांचीही दारं. आधी खूश झालो. मग ओळंबा घेऊन गल्लीभर हिंडलो.

बायको : म्हणून जेवायला उशीर केलात होय?

सुतार : एक भिंत सरळ नाही इथे. सगळी घरं एकाच अंगाला कललीत. शाळेच्या बाजूला.

बायको : मावशी? हे काय म्हणतायत?

(बाहेर मुलगी मोठ्यानं हसते.)

घरमालकीण : शाळेपलीकडे खाण होती. आमचे सासरे तिथेच राबले. खाणवाले खोदत खोदत घरांखाली आले, माल संपला, तसे खालचे लाकडी टेकू तिथेच टाकून निघून गेले. साठ वर्षं झाली त्याला. लाकडाचं काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगू?

सुतार : कुणाचं घर गेलं?

घरमालकीण : पलीकडच्या शिंपिणीचं. गेल्या वर्षी, भर दुपारी. मशीन चालू होतं, मला इथे ऐकू येत होतं. मग थांबलं. मला वाटलं, दोरा तुटला असेल.

बायको : आणि... ती?

घरमालकीण : खड्ड्यात वाकून बघितलं. नुसता काळोख.

बायको : आणि आम्हाला हे सांगणार नव्हतात तुम्ही!

घरमालकीण : नव्हते. खोटं कशाला बोलू? सुनेला दिवस गेलेत, मला मुलाकडे जायचंय. घर कुणी विकत घेत नाही, भाडेकरू तरी मिळावा म्हणून गप्प बसले. पण मघाशी तुमची पोर मला आजी म्हणाली. तेव्हापासून तोंडचं पाणी पळालंय माझ्या.

सुतार : उचल ती पिशवी. चल.

बायको : कुठे?

सुतार : कुठेही! पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ते इथे खरंच आहे.

बायको : कुठेही म्हणजे कुठे? पहिल्या गावात वीटभट्टी निघाली. दुसऱ्यात सिमेंटची धूळ. तिसऱ्यात रात्रभर उशाला टेकवून बसवलं तिला. आणि तिकडची खोली आपण सोडून आलोय.

सुतार : पाचवं गाव बघू.

बायको : तिचे ओठ दुसऱ्यांदा निळे पडले, तेव्हा तुम्ही औषध आणायला धावला होतात. डॉक्टर मला म्हणाले, बाई, तिसऱ्या वेळी इथवर पोचालच असं धरून चालू नका.

सुतार : हे मला बोलली नाहीस.

बायको : तुमच्या हातात धारेची हत्यारं असतात दिवसभर. काय बोलू?

सुतार : अगं, पण इथली जमीन पोकळ आहे!

बायको : मावशी, तुम्ही या घरात किती वर्षं आहात?

घरमालकीण : एकेचाळीस.

बायको : बघा. एकेचाळीस वर्षं उभंय घर.

घरमालकीण : पोरी, शिंपिणीचंही तितकंच होतं. एकाच वर्षी लग्न होऊन आलो आम्ही दोघी.

सुतार : ऐकलंस?

बायको : ऐकलं. एक वर्ष राहू. छाती बळकट होऊ दे तिची, मग शोधू दुसरं. तोवर टेकू लावा, पाचरी ठोका, काय ते करा.

सुतार : टेकूलासुद्धा खाली जमीन लागते.

बायको : बघा तिच्याकडे. झाडावर चढतेय. कधी बघितलंत तिला झाडावर?

सुतार : ...एक वर्ष. वर एक दिवस नाही.

घरमालकीण : मग हा कागद भरायला हवा. दर घराचा कचेरीत द्यावा लागतो. कोण कुठल्या खोलीत झोपतं, कुठल्या भिंतीला.

बायको : ते कशाला?

घरमालकीण : कुठे खणायचं ते कळतं म्हणून.

बायको : ...लिहा. तिघंही मागच्या खोलीत. चिमणीला खिडकीपाशी लिहा, मावशी. तिथे वारा चांगला येतो.