पेनड्राइव्हच्या आतली चिप

अबे, चाय राहू दे, कोंढा गावच्या काकाचं आयक. बंद पडलेला पेनड्राइव्ह घेऊन ते पवनीले माह्या मोबाईल-कंप्युटर रिपेरिंगच्या दुकानात आले. वारलेल्या काकूनं धानाच्या रोवणीत म्हटलेलं गाणं फक्त त्यातच होतं.

मी तो खोलला, आतली कंट्रोलर चिप पाहिली अन् म्हटलं, "काका, तुम्हाले फसवलं. वर नाव मोठ्या कंपनीचं, आत चिप भलतीच!"

"मंग गाणं गेलं काय, बापा?"

बिघडली होती ती कंट्रोलर, गाणं मेमरी चिपमंधी होतं; म्हणून तशीच कंट्रोलर असलेला दुसरा पेनड्राइव्ह शोधला, काकाच्या पेनड्राइव्हची मेमरी चिप त्याच्यावर बसवली. गाणं लागलं. मधातच काकू ओरडली, "मोबाईल ठेवा अन् रोवाले पऱ्ह्याच्या पेंड्या आणा!"

काका चटकन उठून उभेच राहिले. मंग डोळे पुसत म्हणाले, "हे मातर असली हाय!"