घशाच्या डॉक्टरांची राहिलेली साक्ष

रुग्णालयाचे सन्माननीय अध्यक्ष, मंचावरचे मान्यवर, समोर बसलेले डॉक्टर, परिचारिका, माझ्यासारखे जुने पेशंट, आणि आज निवृत्त होणारे आपले घशाचे डॉक्टर! डॉक्टर, चष्मा शोधू नका, कपाळावर आहे. मी सभेत नाही, तरी पैजेवर सांगते. चष्मा विसरलात तर चालेल, मला विसरू नका, म्हणून हा खटाटोप.

मला लिहिता-वाचता येत नाही. मी घरी बसून बोलले, नातीनं लिहून घेतलं, तीच आता वाचते आहे. मला यायचंच होतं, पण आमच्या ह्यांना एकटं सोडता येत नाही. पाण्याचा घोट भलत्या वाटेनं गेला की जीव कासावीस होतो. (पोरी, हे गाळायचं नाही. आणि वाचताना रडायचं नाही.)

तर काल काउंटरवरच्या बाईंचा फोन आला. "आजी, तुम्ही सरांच्या सगळ्यात जुन्या पेशंट. दोन शब्द बोला. चांगले, हं!" ते शेवटचं 'चांगले, हं' माझ्या कानात अडकलं. कान डॉक्टरांनीच बरा केलाय, त्यामुळे बारीकसारीकही ऐकू येतं. इतकी वर्षं या रुग्णालयाला माझी आठवण झाली नाही, आणि खटल्याची तारीख तोंडावर आल्यावरच बरी झाली?

खटला कसला, ते नव्या मंडळींना सांगते. आमचे हे भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. बाजार त्यांना 'भोंगा' म्हणायचा. गळ्यातली गाठ काढायला त्यांना इथं आणलं, आणि ऑपरेशननंतर भोंगा बंद. मंचावर बसलेले मोठे सर्जन म्हणाले, "येईल हळूहळू." पुढच्या भेटीला तेच, त्याच्या पुढच्याही भेटीला तेच. शेवटी मीच ह्यांना घेऊन घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नळी घालून पाहिलं, आणि उठून आधी दार लावलं. मग म्हणाले, "आजी, आवाजाची नस दुखावली आहे. ऑपरेशनआधी घसा बघायला हवा होता. नंतर लगेच माझ्याकडे पाठवलं असतं, तर निदान गिळणं सुधारता आलं असतं."

एवढं सांगायला दार कशाला लावावं लागतं, हो?

आमच्या वकीलबाईंनी मला कायदा समजावला. "आजी, ऑपरेशन बिघडलं म्हणजे डॉक्टर चुकले, असं कोर्ट मानत नाही. नस कधीकधी सांभाळूनही दुखावते. काळजीनं काम करणाऱ्या डॉक्टरनं काय केलं असतं, यांनी ते केलं नाही, आणि त्यामुळेच नुकसान झालं, हे सगळं दाखवावं लागतं."

"दाखवते की! हे जेवायला बसले की या म्हणावं बघायला."

"ते नुकसान झालं, आजी. चूक मात्र त्याच विद्येतल्या माणसानं सांगावी लागते."

"आणि किती पक्कं सांगावं लागतं?"

"खुनाच्या खटल्याइतकं नाही. पारडं जरासं आपल्याकडे झुकलं तरी पुरे."

हे ऐकून आमचे हे कितीतरी दिवसांनी हसले. जन्म तराजूसमोर गेलाय त्यांचा.

रुग्णालयाचे वकील म्हणतात, ओरडून ओरडून यांचा आवाज आधीच गेला होता. अहो, आधी घसा पाहिलाच नाही, तर हे तुम्हाला कळलं कुठून? मी विचारलं तर म्हातारीची बडबड. घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं तर पुरावा. म्हणून मी त्यांना साक्षीला या म्हटलं. ते म्हणाले, "आजी, नोकरी आहे तोवर तोंड बांधलेलं आहे. निवृत्त झालो की येतो." मी थांबले. वकीलबाई पुढच्या तारखा मागत राहिल्या. आणि काल त्याच फोनवर काउंटरवरच्या बाई काय म्हणाव्यात? "सर कुठं जात नाहीत, त्यांना सल्लागार नेमलंय!"

अभिनंदन, डॉक्टर. अध्यक्षमहाराज, तुमचंही. पण माणूस निवृत्त होण्याआधीच त्याला परत बांधून घ्यायची एवढी घाई कशाची? मी आपली संशयी बाई. मला फुलांच्या गुच्छातही दोरा आधी दिसतो.

डॉक्टर, तुम्ही भले आहात, हे मला ठाऊक आहे. तुमच्या जागी नुसता गोडबोल्या माणूस असता, तर दार उघडं ठेवूनच 'मला माहीत नाही' म्हणाला असता. तुम्ही दार लावलंत, पण खरं बोललात. आता तेवढं दार उघडा.

मला बोलायला दिलंत, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. कोणी माईक बंद केला असेल, तर त्यांचेही. पोरीचा आवाज आजोबांवर गेलाय. म्हातारीचं काही कमीजास्त बोलून झालं असेल तर पोटात घाला.

आणि पोटावरून आठवलं. जेवणाचा डबा पोरीबरोबर पाठवा. मला काहीही चालेल, झणझणीत असलं तर उत्तम. ह्यांच्यासाठी बटाटा उकडून लोण्यासारखा कुस्करून, आणि वर घट्ट दही. रस्सा, सूप, सरबत, पातळ काही पाठवू नका. का नको, असं वाढप्यानं विचारलं, तर ते घशाच्या डॉक्टरांना सांगू द्या. याच माईकवरून, सगळ्यांसमोर. मगच डबा भरा.