फ्रिगेटवरची त्याची जागा

सावित्रम्मा : पाणबुडीचं मला सांगू नको, भिमा. माजा शिवप्पा कुटं हाय, तेवढं सांग.

भिमा : तेच सांगायला आलोय, अव्वा. दवाखान्यातनं सुटलो, सांगोल्याला घरी न जाता आधी हितं सोलापुरात उतरलो. एका बोटीवर व्हतो आमी दोघं.

शरणम्मा : आत्याबाई, बोलू द्या की त्यांना. लढाई संपून गड्ड्याची जत्रा झाली, शिवरात्र झाली. किती दिवस नुसतं दाराकडं बघत बसायचं?

सावित्रम्मा : तू गप गं. तारेत 'बेपत्ता' हाय. मेला म्हणून कुणी लिवलंय? बाळीवेशीत सांगत होते, पाकिस्तानच्या तुरुंगात लई पोरं हायती. सोडतील की आज ना उद्या.

भिमा : आमाला पकडायला तितं कुणी नव्हतंच, अव्वा. काळं पाणी निस्तं.

सावित्रम्मा : अय्यो, एवढी लोखंडाची बोट अशी कशी बुडती? लढाऊ बोट म्हणून छाती फुगवून सांगत होता सुट्टीत.

भिमा : लढाऊ, पण फ्रिगेट. क्रूझर म्हंजे मोठी, जाड पत्र्याची. डिस्ट्रॉयर हलकी, पळणारी. आमची त्याहून लहान. मागल्या मोठ्या लढाईत जर्मन पाणबुड्यांनी इंग्रजांची लई जहाजं बुडवली. पुढं त्यांनी ही जात काढली, निस्त्या पाणबुड्या हुडकायला. खर्च कमी, म्हणून पत्रा पातळ, बोट ढकलणारा खालचा पंखा एकच. बोट जुनी ऱ्हायली आन् पाणबुड्या नव्या आल्या. आमी पाणबुडीचा आवाज ऐकायच्या आधी ती आमचा ऐकायची.

सावित्रम्मा : म्हंजे शिकारीला धाडलेल्याचीच शिकार झाली.

भिमा : व्हय.

शरणम्मा : बुडायला वेळ लागला का हो?

भिमा : न्हाय, वयनी. मी वर पहाऱ्याला व्हतो, म्हणून पाण्यात फेकला गेलो. खालचं कुणी...

शरणम्मा : ते खालीच होते.

भिमा : खालीच.

सावित्रम्मा : मग मी काय पुरू, सांग! तुमच्यात जाळत्यात. आमच्यात बसवून मातीत पुरत्यात. शिवप्पाच्या बापाला बसवलं, गळ्यातलं लिंग हातात दिलं, पूजेला बसतो तसं. मठातल्या स्वामींना इचारलं, तर म्हणाले, देहच न्हाई तर बसवायचं कुणाला? मी म्हटलं, बरं झालं. खड्डा न्हाई तर मरणबी न्हाई.

शरणम्मा : तुमचं बरं झालं. माझं काय? चुडा भरून रस्त्यानं गेले तर बायका टकामका बघतात. काढायला गेले तर तुम्ही हात धरता. नवरा गेल्यावर बाई निदान रडते तरी. मला धड रडताही येत नाही, आत्याबाई. मला रडू द्या.

(बाहेरून मागाची खडखड ऐकू येते.)

सावित्रम्मा : भिमा, तू त्याला शेवटी कुटं बघितलंस?

भिमा : पहाऱ्याला वर निघालो तवा, त्याच्या खोलीच्या दारातनं. पाण्याखालचा आवाज ऐकायचं काम त्याच्याकडं. कानाला यंत्र लावलं व्हतं. मी हाक मारली, तर हात वर केला, गप म्हणून. डोळं मिटून ऐकत व्हता.

सावित्रम्मा : गळ्यात लिंग व्हतं?

भिमा : व्हतं की. सदऱ्याच्या आत. पोरं चेष्टा करायची, पण त्यानं कदी उतरवलं न्हाय.

सावित्रम्मा : उभा व्हता?

भिमा : न्हाय, अव्वा. ते काम उभ्यानं व्हत न्हाय. बसूनच. बोट कितीबी हलू दे, जागा सोडायची न्हाय.

सावित्रम्मा : मांडी घालून?

भिमा : खोटं कशाला बोलू? स्टुलावर. पण ताठ.

सावित्रम्मा : असू दे. ... शरणा, हिकडं ये, पोरी. हात दे.

शरणम्मा : आत्याबाई...

सावित्रम्मा : फोडत न्हाई गं. हळू काढते एकेक. तू रड आता, पोटभर रड. स्वामींना मीच जाऊन सांगते.

शरणम्मा : काय सांगणार?

सावित्रम्मा : बसवायची काळजी करू नका म्हणावं. बसलाय त्यो.