खळ लावलेली तिकिटं

माझं नाव शमीम. माहेर नगरचं, बाप पतंग करायचा, म्हंजी सगळं घरच करायचं, आन खळ लावायचं काम माझ्याकडं. मैदा शिजवायचा, बोटानं पातळ फिरवायचा, कागदाला सुरकुती येता कामा न्हाई, आन काय सांगू तुमाला, माझा पतंग फाटंल पन सांध्यात सुटायचा न्हाई. त्याचा लई ताठा हुता मला.

लगीन होऊन काष्टीला आले. सासरे शिलाईकाम करायचे, अब्बा म्हनते मी त्यान्ला. कुनाचा पोरगा दुबईला, कुनाचा फौजेत, तर अब्बा गिऱ्हाइकाला म्हनायचे, पत्राचं पाकीट फेकू नका, वरचं तिकीट मला द्या. बिडी न्हाई, पत्ते न्हाई, तेवढा एकच नाद. दुपारी दुकान निवांत झालं की चिमट्यानं एकेक तिकीट उचलून पाठपोट बघत बसायचे. हात लावायचे न्हाईत, मलाबी लावू द्यायचे न्हाईत. आल्बमात तिकिटं नुसती कागदाच्या बारक्या पट्टीवर टांगल्यावानी, पान उलटलं की हलायची.

औंदा त्यांच्या एका डोळ्याचं आपरेशन झालं, तवा ते नणंदंकडं ऱ्हायले. मला वाटलं, म्हातारं मानूस, एखादं गळून पडलं तर दिसायचं न्हाई. म्हनून पट्ट्या काढल्या, खळ शिजवली आन सगळी तिकिटं चिकटवून टाकली. एक टोक उचलंल तर शपथ.

अब्बा आले, आल्बम उघडला, पानावरून बोट फिरवलं. मंग म्हनले, मेहनत केलीस बेटा. मी आपली खुशीत.

पुढं नगरहून तसलाच नाद असलेले एक पाव्हनं आले. आल्बम बघून म्हनले, मास्तर, हे कोनी केलं, पाठ गेली म्हंजी तिकीट गेलं, आता कोन विचारतंय ह्यान्ला. मी चहा घिऊन दारात. अब्बा म्हनले, मीच केलं, दिसंना झालं, बुद्धी फिरली. मंग पाव्हन्यांनी त्यान्ला लेकराला बोलावं तसं सुनावलं, इतकी वर्षं जपलंत आन एवढं कळू नये का. अब्बा खाली मान घालून ऐकत हुते. मी म्हनायला पायजे हुतं, मी केलं. चहा ठिवला आन आत आले.

मागनं मी लई रडले, माफी मागितली. म्हनले, अब्बा, पान्यात भिजवून काढते. तर ते म्हनले, शाई उतरंल, ऱ्हाऊ दे, आता कुठं पळून जात न्हाईत ती. आन हसले. रागावले असते तर बरं झालं असतं ओ, ते हसलेलंच जात न्हाई माझ्या डोळ्यापुढनं.

परवा एक नवं तिकीट आलं. अब्बांनी चिमटा माझ्याच हातात दिला, माझा हात कापतो म्हनले, तू लाव. पट्टीच्या डिंकाला जीभ लावली आन अगदी हलक्या हातानं टेकवलं. पान उलटलं तर तेवढं एकच हललं.

आता दुसऱ्या डोळ्याचं आपरेशन हाय. अल्ला त्यान्ला चांगली नजर देवो म्हनून रोज दुवा मागते, आन मागता मागताच मनात येतं, एवढीबी चांगली नको की ती पानं नीट दिसतील.