अकरापर्यंत लपणाकडे न फिरकल्याबाबत

दिनांक २३ फेब्रुवारी १९८७, सकाळी ९.४०

मी, पद्मजा श्यामकांत नाबर, वय ४४ वर्षे, धंदा शिक्षिका, राहणार बोरीवली पूर्व, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मयत श्यामकांत, वय ४९, धंदा ड्राफ्ट्समन, हे माझे पती होत.

काल रविवारी सकाळी सव्वासहाला पती व त्यांचे मित्र शिवदास तोरस्कर राष्ट्रीय उद्यानात गेले. तेथे पांगाऱ्याच्या वाळक्या फांदीत तांबट पक्ष्याचे घरटे आहे. फोटो काढण्यासाठी पतींनी त्यासमोर लपण, म्हणजे बसण्यापुरता कापडी तंबू, उभारले होते. एरवी पतींसोबत मी जाते. काल मला पेपर तपासायचे होते, म्हणून शिवदास यांना बोलावले.

निघताना पती म्हणाले, "याच्या बुटांचा आवाज मुलुंडपर्यंत जाईल." शिवदास म्हणाले, "म्हणून तर मला नेतोस ना! आवाज करतच परत यायचंय. वहिनी, पोह्यांचा डबा माझ्याकडे द्या, हा तिथे मला विचारणार नाही."

लपणात दोघांनी शिरायचे व एकाने आवाज करीत निघून जायचे, अशी पद्धत आहे. पक्ष्याला माणसे मोजता येत नाहीत. एक जाताना दिसला की जागा रिकामी झाली असे समजून तो घरट्यावर येतो. गेलेल्या माणसाने ठरलेल्या वेळेआधी परत फिरायचे नाही, हाकही मारायची नाही. हा नियम पतींचा आहे. मागच्या वर्षी उन्हामुळे मी अर्धा तास आधी लपणाकडे परत गेले होते. तेव्हा घरी येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

काल अकराची वेळ ठरली होती. शिवदास सात वाजता निघून ओढ्यावरच्या पुलावर बसले. अकराला गेले तेव्हा पती लपणात कुशीवर पडलेले होते. हृदयविकाराचा झटका साडेआठच्या सुमारास आला असावा, असे डॉक्टरांनी सांगितले.

माझे दीर चंद्रप्रकाश यांनी तक्रार दिली आहे. ते मला म्हणाले, "वहिनी, दादा तिकडे तडफडत होता आणि हा पुलावर बसून पोहे खात होता. आणि तुम्ही त्याचीच बाजू घेता?"

पोहे मीच दिले होते. मी गेले असते तर मीही अकरापर्यंत पुलावरच बसले असते. शिवदास यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

कॅमेरा ठाण्यात जमा आहे. आत रोल आहे. तो उजेडात उघडू नये.

काल संध्याकाळी हवालदार घरी आले तेव्हा दाराला कुलूप होते. भेटायला आलेली माणसे निघून गेल्यावर मी एकटी गिरणीत दळण आणायला गेले होते. जा असे मला कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे माझा जबाब आज होत आहे व शिवदास यांना रात्र ठाण्यात काढावी लागली.

हे सर्व हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करते.

पद्मजा श्या. नाबर