शिवेवरचं रेडकू

आमचं गाव शहाद्याच्या खाली, तापीच्या अलीकडे, काळ्या जमिनीचं. कापूस आणि ज्वारी. आम्ही तिथले गुजर पाटील, किती पिढ्यांचे ते मला विचारू नका, आमच्या भाटाला विचारलं तर तो थेट सूर्यापासून सुरुवात करायचा आणि धोतरजोडी घेऊन जायचा. आबा, म्हणजे माझे वडील, पोलीस पाटील. साहेब दौऱ्यावर आला की भलंमोठं पागोटं बांधून शिवेवर उभे राहायचे, आणि साहेब बहुतेक वेळा दुसऱ्या रस्त्यानं निघून गेलेला असायचा. पण आबा अर्धा दिवस उभे असायचे. इंग्रजाचं राज्य तसंच चालायचं, काय सांगू तुम्हाला, कोणीतरी कुठेतरी उभं आहे एवढ्यावरच चालायचं.

मी नंदुरबारला मावशीकडे राहून मॅट्रिक झालो. घरात सगळ्यांना वाटलं आता पोरगा तलाठी होणार, फार तर मामलेदार कचेरीत कारकून. पण माझ्या डोक्यात वेगळंच होतं. मी इंग्रजी चौथीत असताना सुट्टीला घरी आलो तर गोठा रिकामा. बुळकांडी, ती गुरांची साथ, येऊन गेलेली. आमच्याकडे त्याला रोग म्हणत नसत, माता आली म्हणायचे. दावणी तशाच, खुंटे तसेच, आणि माय रिकाम्या दावणीपुढे सवयीनं कडब्याची पेंढी टाकून गेलेली. ते बघून मी मास्तरांना विचारलं, याला औषध नाही का, तर मास्तर म्हणाले आहे, पण देणारा माणूस इकडे कोण येतो? मुंबईला गुरांच्या डॉक्टरीचं कॉलेज आहे, तिथं जा आणि तूच ये.

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा मास्तरांनीच खबर काढली की जिल्ह्यातून एका मुलाला त्या कॉलेजात धाडतात, सगळा खर्च बोर्डाचा. धुळ्याला कमिटीपुढे जातीनं हजर व्हायचं आणि वडिलांची लेखी संमती न्यायची. त्यांनी मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं, गुरांच्या रोगांचं, आणि म्हणाले कमिटी काही विचारणार नाही, पण विचारलंच तर. तो सगळा उन्हाळा मी गोठ्यात बसून ते पुस्तक पाठ केलं. बैलाच्या फासळ्यांवरून हात फिरवायचा आणि इंग्रजी नाव म्हणायचं, पोटावर थाप मारायची आणि चारी कोठ्यांची नावं म्हणायची. आमचा सालदार गडी दित्या, सातपुड्यातला भिल्ल, तो म्हणायचा, भाऊ, बैलले इंग्रजी शिकाडी ऱ्हायना का? आऊत धराले उपयोगी पडी.

पण घरात हसण्यासारखं काही नव्हतं. त्या कॉलेजात मेलेली ढोरं फाडून बघावी लागतात, हे कुठून तरी मायच्या कानावर आलं. आमच्यात मेलेल्या ढोराला हात लावला तर अंघोळ, आणि ते ओढून नेणारी, सोलणारी माणसं गावाच्या खालच्या अंगाला राहायची, त्यांची सावली चालत नसे, त्यांनी केलेल्या कातड्याची मोट मात्र चालायची. माय म्हणाली, ढोर फाडनाराले पोर कोन दी रे? भाऊबंद म्हणाले पाटलाचा पोरगा कातडी सोलणार, मग आमच्या पंगतीत कसा बसणार? आबा मात्र हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. संमतीचा कागद पुढे केला की म्हणायचे, देखू. रोज देखू. मला त्या शब्दाची भीती वाटायला लागली.

कमिटी बुधवारची. मंगळवारी दुपारच्या आत निघालो, सारंगखेड्याला तापी ओलांडली आणि दोंडाईच्याची सर्व्हिस मोटार धरली, तरच मी बुधवारी धुळ्याला उभा राहणार. आणि त्याच आठवड्यात खालच्या आळीत दोन म्हशी बसल्या, मग तीन बैल. डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, आणि ती घाण. माता आली.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला सांगायला हवी. माता आली की गाव बांधायचं. भगत सांगेल त्या दिवशी सूर्योदयापासून कोणी शीव ओलांडायची नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही, चूल नाही, जातं नाही, झाडू नाही. मग हातभर लांबीचा लाकडी गाडा करायचा, त्यात निंबाचा पाला, हळद, बांगड्या, आणि ज्या घरात रोग जास्त त्या घरातलं एक रेडकू गाड्यामागं बांधायचं. भगताच्या अंगात आलं की तो सांगणार निघा, आणि एक माणूस गाडा आणि रेडकू घेऊन नाल्यापलीकडे पुढच्या गावच्या हद्दीत सोडून देणार. पुढचं गाव त्याच्या पुढच्या गावाला देणार. लोक म्हणायचे, बघा माता कशी गावोगाव चालत जाते. चालत तर जायचीच, चार पायांनी जायची.

भगतानं दिवस काढला तो मंगळवारचा, आणि पहाटेच दवंडी दिली कोणी? माझ्या आबांनीच. मी सकाळी कपडे घालून ओट्यावर आलो तर आबा दारात उभे. म्हणाले, गाव बंद शे. म्हटलं, आबा, मोटार निघून जाईल. तर म्हणाले, मी पाटील शे, मन्हाच पोऱ्या शीव वलांडी ते लोके काय म्हनतीन? उद्या कोना गोठामा बैल मरना ते तुन्हं नाव निंघी. हे खरंच होतं. गावात पुढे कोणाचंही ढोर मेलं असतं तरी ते माझ्या नावावर लागलं असतं, आणि पाटीलकीही राहिली नसती.

सगळं गाव मारुतीच्या पारापुढे जमलं. ऊन चढत होतं आणि भगताच्या अंगात काही येईना. डफ वाजतोय, निंबाचे डहाळे हलतायत, भगत मध्येच पाणी पितोय. मी सावलीकडे बघतोय, सावली आखडत चाललेली. मला वाटलं देवीलासुद्धा आज नेमकी सवड नाही. शेवटी एकदाचा भगत घुमला आणि आता गाडा कोण ओढणार ते ठरेना. कारण गाडा ओढणाऱ्यानं माता अंगावर घेतलेली असते, पुढच्या मंगळवारपर्यंत त्यानं गावात पाय टाकायचा नाही. दरवेळी हे काम दित्यावर यायचं, त्याला कोणी विचारतही नसे. पण त्याची बायको आदल्या दिवशी बाळंत झालेली. तो आबांच्या पायाशी बसून म्हणत होता, मालक, या टाइमले माले नका धाडू.

मी पुढे झालो आणि म्हटलं, मी नेतो.

पाटलाच्या घरातल्यानं गाडा ओढल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, पण ओढू नये असंही कोणी म्हणून ठेवलेलं नव्हतं. भगत आबांकडे बघायला लागला. माझे काका ओरडले, तुन्हं डोकं फिरी गयं का? आबांनी पागोटं सारखं केलं. त्यांना कळलं होतं, मी बाहेर पडायला रीतीतूनच वाट काढली. दित्यानं दोरी माझ्या हातात दिली आणि आम्ही निघालो, पुढे मी, मागे डफ आणि गाव.

मला वाटलं होतं गाडा ओढायचा आणि सुटायचं. पण दोरीच्या टोकाला ते रेडकू होतं. चालताना ठेचाळत होतं. नाल्याच्या काठावर मी त्याचं तोंड उघडून बघितलं, हिरडीवर कोंडा टाकल्यासारखे फोड. पुस्तकातलं पान जसंच्या तसं. नाल्याला पाणी नव्हतं, आणि पलीकडे पुढच्या गावची गुरं चरत होती, एक म्हातारा गुराखी काठीवर हनुवटी टेकून आमच्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल काय वाजतगाजत चाललंय. मी कशासाठी मुंबईला चाललोय आणि माझ्या हातात काय आहे, हे त्या क्षणी मला कळलं.

मी गाडा पलीकडे नेऊन ठेवला. परत नाल्यात उतरलो आणि रेडकू मधल्या बाभळीला बांधलं.

मागून ओरडा झाला. सोड, सोड त्याले! भगत म्हणाला माता फिरली, आता एक ढोर राहणार नाही. मी म्हटलं, हे पलीकडे गेलं तर त्या गावची सगळी गुरं मरतील, याच्या लाळेत रोग आहे. कोणीतरी धोंडा मारला, तो माझ्या खांद्याला लागला. काका म्हणाले, पुस्तक वाचीसन गावले मारशी का? मला गावाकडे परत येता येत नव्हतं, आणि रेडकू सोडून निघालो तर मी पाठ फिरवताच कोणी दोरी कापणार हे दिसत होतं. म्हणजे तिथंच उभं राहायचं. सूर्य डोक्यावर, मोटार चालली.

तेवढ्यात आबा काठ उतरून नाल्यात आले. मला वाटलं आता मारतात. त्यांनी बाभळीकडे बघितलं, दोन्ही काठांकडे बघितलं, आणि चावडीत बोलतात त्या आवाजात म्हणाले, भगत, आपली शीव कोठपावत शे? भगत म्हणाला, नालापावत. आबा म्हणाले, मंग रेडकू शिवना बाहेर शे. आनि नाला कोना शे? लोक नाल्याकडे बघायला लागले. नाला सरकारना शे, आबा म्हणाले. माता आते सरकारना ताबामा गई. सरकारना मानूस मी शे, मी आठे बसस. कोनले काही सांगनं व्हई ते कचेरीमा सांगा.

एवढं सांगून ते खरंच बाभळीखाली बसले, पागोट्यासकट. सरकारनं देवी ताब्यात घेतल्याचं गाव पहिल्यांदाच ऐकत होतं. डफवाल्यानं तेवढा डफ काखेत मारला.

मग आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, कागद शे का खिशामा? मी दिला. मांडीवर ठेवून पेन्सिलीनं सही केली. म्हणाले, जाय आते, मोटार निंघी जाई.

मी पळत सुटलो आणि निघता निघता मोटार गाठली. धुळ्याला कमिटी म्हणजे तीन खुर्च्या, एक साहेब, एक रावसाहेब, एक डुलक्या घेणारा. बाहेर वकिलांची, इनामदारांची पोरं कोट घालून बसलेली, माझ्या सदऱ्याला बाभळीचे काटे. कारकून म्हणाला पेन्सिलीची सही चालत नाही. रावसाहेबांनी मला घोड्यावर बसता येतं का आणि क्रिकेट खेळता का एवढंच विचारलं. शेवटी साहेबानं विचारलं, मेलेली जनावरं कापायला तुमच्या समाजाची हरकत नाही ना? मी म्हटलं, हरकत आहे साहेब, पण सही आहे. कारकुनानं इंग्रजीत सांगितल्यावर साहेब हसला आणि त्यानंच त्या सहीवर शाई फिरवायला सांगितली. असा मी कॉलेजात गेलो. पुस्तकातलं एक अक्षर कोणी विचारलं नाही.

गावचं पुढे दित्यानं सांगितलं. रेडकू मेल्यावर ओढायला कोणी येईना, तेव्हा आबांनी स्वतः दोरीला हात घातला आणि नाल्यातच खड्डा करून पुरलं. पलीकडच्या गावात त्या साली माता गेली नाही. आमच्या गावात आणखी गुरं मेली, ती आबांच्या नावावर लागली, भाऊबंदांनी वर्षभर पंगतीला बोलावलं नाही. आबा म्हणायचे, बरं शे, सांडगास्नी आमटी घरमाच चांगली व्हस. मी बरोबर होतो असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

आता आबा नाहीत. माझीही नोकरी संपली, खानदेशभर हिंडून झालं, ढोरांना टोचून टोचून अंगठा वाकडा झालाय, हा बघा. आणि माझा धाकटा मुलगा म्हणतो मला वकील व्हायचंय. वकील, म्हणजे दिवसभर काळा कोट घालून उभं राहायचं. पण मी देखू म्हटलं नाही. म्हटलं जा बाबा, सुखी राहा. एवढं लिहून घ्या आणि चहा घ्या, दारात कोणाची तरी आजारी गाय कधीची उभी आहे.